शेतकी कंपनीचा शेअर कसा घ्यावा : नरखेड तालुक्यातल्या नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य : आंबियाचा बगीचा ठेक्याने दिल्यावर आलेल्या पैशातून सोसायटी, कृषी केंद्र आणि पोराची फी भागवून जे उरलं असेल ते, एक डीमॅट खातं, पुण्याला आयटीत असलेला एक भाचा (स्वतःचा नसल्यास शेजाऱ्याचा चालेल), आणि कंपनीचा ताळेबंद न उघडण्याचा निश्चय. शेवटची वस्तू तालुक्यात मुबलक आहे.

लागणारा वेळ : खरेदीला दोन मिनिटं. पुढचा वेळ कंपनीने किती मुदतीचं कर्ज काढलं आहे त्यावर अवलंबून.

पायरी पहिली : कंपनी निवडणे

यासाठी शेताबाहेर जायची गरज नाही. धुऱ्यावर उभं राहून खाली बघा. संत्र्याच्या ओळीतून जी काळी नळी गेली आहे, तिच्यावरचं नाव वाचा. फवारणी झाल्यावर जी रिकामी बाटली धुऱ्यावरच टाकून दिली, तिच्यावरचं वाचा. कपाशीच्या बियाण्याचं पाकीट अजून गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलेलं असेल तर तेही वाचा. कावेरी सीड्सच्या वाणांची नावं ‘जादू’ आणि ‘एटीएम’ अशी असल्यामुळे गुंतवणूकदाराचा अर्धा निर्णय तिथेच होतो. ज्याचा माल चांगला निघाला त्याचा शेअर घ्यायचा. जलालखेड्यापासून मोवाडपर्यंत ही पद्धत मान्य आहे. तिच्यात एवढंच नजरेआड होतं की माल घेणारा गिऱ्हाईक असतो, आणि शेअर घेणारा कंपनीला कर्ज देणाऱ्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहतो.

उदाहरण जळगावचं. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन. नरखेड, काटोल, वरूड, मोर्शी या पट्ट्यात पाण्याचा उपसा असा झाला आहे की बोअर हजार फुटांकडे निघालेत. अशा ठिकाणी ठिबकवाल्याचं नाव घराघरात असणारच. २०१६ च्या अखेरीस मोर्शी तालुक्यात ठाणाठुणीला जैन आणि कोका-कोला यांच्या संत्रा प्रकल्पाचं भूमिपूजन झालं तेव्हा सगळी चर्चा रसाची झाली, कर्जाची कोणी केली नाही. २०१८ च्या सुरुवातीला कंपनीचा शेअर शंभराच्या वर होता. मार्च २०२० मध्ये तो पाच रुपयांच्या खाली गेला. करोनाने तेव्हा सगळाच बाजार पाडला होता हे खरं, पण या शेअरचं पडणं त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. या दोन वर्षांत बगीच्यातल्या नळीत काही फरक पडला नाही. ड्रिपरमधून थेंब पूर्वीइतकाच पडत होता. मधल्या काळात, २०१९ मध्ये, कंपनीला कर्जाची देणी वेळेवर देता आली नाहीत, एवढंच घडलं.

पायरी दुसरी : बगीच्याची वाटणी करून बघणे

ही पायरी वगळली तरी चालते. बहुतेक लोक वगळतात. ज्यांना वगळायची नाही त्यांनी कागद-पेन घ्यावा.

दोन भाऊ. दोघांकडे सारखाच बगीचा, एकाच विहिरीवर, झाडं एकाच वयाची. प्रत्येक बगीच्याची किंमत ४० लाख धरू. थोरल्याचे सगळे ४० लाख स्वतःचे. धाकट्याने स्वतःचे १६ लाख घातले आणि २४ लाख १० टक्क्यांनी उचलले. म्हणजे दरसाल २ लाख ४० हजार व्याज. बरं वर्ष आलं आणि बगीच्यातून ४ लाख सुटले, तर थोरल्याला ४० लाखांवर ४ लाख, १० टक्के. धाकट्याला व्याज जाऊन १ लाख ६० हजार. १६ लाखांवर तेही १० टक्केच. इथपर्यंत भावाभावात भांडण नाही.

भाव कडक लागला, ६ लाख सुटले. थोरल्याला १५ टक्के. धाकट्याच्या हातात ३ लाख ६० हजार, म्हणजे साडेबावीस टक्के. धाकटा बुलेट घेतो आणि थोरल्याला ‘तुम्ही जुन्या विचाराचे’ म्हणतो. पुढच्या वर्षी ऑगस्टात फळगळ लागते, २ लाखच येतात. थोरल्याला ५ टक्के मिळतात, तो कुरकुरतो. धाकट्याला खिशातून ४० हजार घालावे लागतात.

आता यात बाजार आणा. लोकांना वाटू लागलं की हा बगीचा ४० चा नाही, ३२ लाखांचाच आहे. थोरल्याचं पाचव्या हिश्शाने कमी झालं. धाकट्याच्या ३२ मधून कर्जाचे २४ आधी जातात, उरले ८. त्याचं निम्मं गेलं. शेअर म्हणतात तो एवढाच, कर्ज वजा जाता उरलेला तुकडा. बगीच्याची किंमत २० टक्के उतरली आणि शेअर ५० टक्के पडला, याचा अर्थ कोणी लबाडी केली असा नाही. वजाबाकी झाली.

१९५८ साली अमेरिकेतल्या मोदिग्लियानी आणि मिलर या दोन प्राध्यापकांनी मांडलं की पैसा कर्जाचा की स्वतःचा यावरून मूळ धंद्याची किंमत बदलत नाही. फक्त तिची वाटणी बदलते. अट अशी की कर नसावा, दिवाळखोरीचा खर्च नसावा आणि सगळ्यांना सगळी माहिती असावी. दोघांनाही पुढे वेगवेगळ्या वर्षी नोबेल मिळालं. आपल्याकडे त्यांची पहिली अट पुरी होते, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. बाकीच्या दोन अटींच्या जागी फळगळ आहे, कोळशी आहे, डिंक्या आहे आणि बांगलादेश आहे. त्या देशाने संत्र्यावरचा आयात कर २०१९ मध्ये किलोला २० टका होता तो २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेला. संत्रा तोच, झाड तेच, भाव पडला. व्याज मात्र कुठल्याच देशाने कमी केलं नाही.

शेतकी कंपन्यांच्या बाबतीत कर्ज जास्त टोचतं ते याचमुळे. साबण विकणाऱ्या कंपनीला दर महिन्याला पैसा येतो. बियाणं विकणाऱ्या कंपनीचा वर्षाचा बहुतेक धंदा खरिपाच्या तोंडावर होतो, आणि पाऊस पंधरा दिवस लांबला तर दुबार पेरणीचं बोलणं सुरू होतं. उत्पन्न ढगाकडे बघून येतं, हप्ता कॅलेंडर बघून.

पायरी तिसरी : फाईल कुठे अडली ते शोधणे

नवशिक्याने नफा बघावा. नफा बघितला की छाती भरून येते. तो नफा हातात आला की कागदावरच आहे, हे ताळेबंदात ‘येणे’ या ओळीत लिहिलेलं असतं. तिकडे बघू नये.

ठिबकच्या अनुदानाचा अनुभव तालुक्यात सगळ्यांनाच आहे. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला ५५ टक्के, बाकीच्यांना ४५. राज्याची भर धरून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत. संच बसतो, मोका तपासणी होते, फोटो काढतात, मग फाईल वर जाते. वर गेलेली फाईल कधी खाली येईल हे तालुका कृषी कार्यालयातला शिपाईसुद्धा छातीठोक सांगत नाही.

आता कंपनीच्या जागी बसून बघा. जैन इरिगेशनचा धंदा वाढला त्या काळात रीत अशी होती की शेतकऱ्याने आपला हिस्सा भरायचा, कंपनीने माल द्यायचा आणि अनुदानाची रक्कम सरकारकडून यायची वाट बघायची. विक्री त्या दिवशी धरली, नफा त्या तिमाहीत दाखवला, पैसा महिनोन्‌महिने सरकारकडे. पण प्लॅस्टिकचा दाणा देणारा थांबत नाही, कामगारांचा पगार थांबत नाही. मग बँकेकडून खेळतं भांडवल. माल जेवढा जास्त खपेल तेवढं येणं जास्त, तेवढं कर्ज जास्त. धंदा वाढतो म्हणून कर्ज वाढतं, आणि बघणाऱ्याला फक्त धंदा दिसतो. सरकारची वाट बघत व्याज भरायचं, असा हा व्यवहार.

कंपनीच्या लक्षात हे आलं नव्हतं असं नाही. २०१२ च्या सुमारास तिने अनुदानाच्या भरवशावरची विक्री कमी करायला घेतली आणि शेतकऱ्याला थेट कर्ज देणारी वेगळी वित्त कंपनीही काढली. तोवर जुनं ओझं बरंच झालं होतं, आणि पुढे कर्जाची नवी भरही पडत गेली. २०१७ मध्ये परदेशात २० कोटी डॉलरचे रोखे विकले, सव्वासात टक्क्यांच्या जरा खाली व्याज, मुदत २०२२. दोन-अडीच वर्षांत त्याचं व्याज थकलं.

आपल्या सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर केंद्राची सूट आणि पंजाबराव देशमुख योजनेची सूट मिळून शून्य टक्क्याने पडतं. या सवयीमुळे नरखेडचा गुंतवणूकदार व्याज या गोष्टीकडे जरा लाडाने बघतो. कंपनीला ते लाड नाहीत. तिच्यासाठी कर्जमाफी आहे, पण ती मिळते तेव्हा शेअरवाल्याचं काय होतं ते पुढे येईलच.

पायरी चौथी : परदेश

कंपनीने परदेशात काही विकत घेतलं की शेअर घ्यावा, असा नियम आहे. बातमीत ‘जगातली पाचव्या क्रमांकाची’ वगैरे शब्द असले तर दोन शेअर जास्त.

बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सने हे करून दाखवलं. विद्या मुरकुंबी आणि नरेंद्र मुरकुंबी या मायलेकांनी १९९८ मध्ये काढलेली कंपनी. सुरुवातीला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांनीच शेअर घेतलेले. सीमाभागात सहकाराबाहेर असा प्रयोग झाला याचं कौतुक आजही वाटतं. २००५ मध्ये ती शेअर बाजारात आली. २०१० च्या सुमारास तिने ब्राझीलमधले साखर कारखाने घेतले, त्यांच्यावरच्या कर्जासकट. मग साखरेचा भाव उतरला, तिथे दुष्काळ पडला, ब्राझीलचं चलन घसरलं आणि कर्ज डॉलरमध्ये होतं. उत्पन्न एका चलनात, देणं दुसऱ्या. २०१५ मध्ये ब्राझीलच्या उपकंपनीला तिथल्या कोर्टात संरक्षण मागावं लागलं. २०१८ मध्ये सिंगापूरची विल्मार मालक झाली. बेळगावकडचा उसाचा मळा आणि तिथला कारखाना यांचा या सगळ्यात काहीही दोष नव्हता.

फवारणीची बाटली आठवते? यूपीएलने २०१८ मध्ये आरिस्टा ही परदेशी कंपनी ४२० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, त्यातले ३०० कोटी डॉलर कर्जाचे. पहिली काही वर्षं बरी गेली. मग जगभरच्या व्यापाऱ्यांकडे औषधाचा साठा तुंबला, भाव पडले, डॉलरचं व्याज चढलं, आणि २०२३-२४ ला कंपनी तोट्यात गेली. २०२४ च्या शेवटी तिने जुन्या भागधारकांपुढे झोळी पसरली : आठ शेअरमागे एक नवा शेअर, ३६० रुपयांना, एकूण सुमारे ३,३७८ कोटी. बाजारभाव तेव्हा बराच वर होता, त्यामुळे स्वस्त मिळालं असं वाटतं. हिशोब असा आहे की जो पैसे घालत नाही आणि हक्कही विकत नाही, त्याचा हिस्सा पातळ होतो. जो घालतो, तो मोठ्या कामासाठी काढलेलं कर्ज आपल्या खिशातून हलकं करतो.

माझ्या मते यात यूपीएलचं वागणं तरी बरं. कर्ज हाताबाहेर जायच्या आधी भागधारकाला सांगून पैसे मागणं हे कडू औषध आहे, पण ते घरातल्या घरात घेता येतं.

पायरी पाचवी नाही. भाच्याने सांगितलेली बोनस शेअरची पायरी आम्ही काढून टाकली आहे, कारण बोनसने भाकरीचे तुकडे वाढतात, भाकरी वाढत नाही. तरी एक गंमत नोंदवायला हवी. जैन इरिगेशनने २०११ मध्ये वीस शेअरमागे एक असा वेगळ्या जातीचा बोनस दिला. या शेअरला मताचा हक्क एक दशांश. दहा शेअर मिळून एक मत. पैसे उभे करायचे पण मालकी सुटू द्यायची नाही, यासाठी ही वाट असते. बाजाराने त्याला साध्या शेअरपेक्षा चांगलाच कमी भाव दिला. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत एका मताची किंमत काय असते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला त्यात नवल वाटणार नाही.

पायरी सहावी : रांगेत उभं राहणे

आता कर्जमाफी. रुची सोया या इंदूरच्या कंपनीचं नाव सोयाबीनवाल्यांना सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. बँकांचे मान्य झालेले दावे ९,३०० कोटींच्या वर. पतंजलीची ४,३५० कोटींची योजना मंजूर झाली, आणि त्या रकमेतही मोठा भाग पतंजलीने पुन्हा बँकांकडूनच कर्जाऊ घेतला. म्हणजे बँकांनी निम्म्याहून जास्त सोडलं आणि उरलेल्यासाठी परत पैसे दिले. नरखेडच्या शेतकऱ्याला हे ऐकून जुन्या-नव्याचं कर्ज आठवेल. मार्चअखेर आपण तेच करतो, फक्त शून्य कमी असतात.

जुन्या शेअरवाल्याचं काय झालं? शंभर शेअरचा एक झाला. रांगेत आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांचं देणं, मग बाकीचे कर्जवाले, सरकार, आणि सगळ्यात शेवटी साधा शेअरवाला. शेवटच्या माणसापर्यंत पंक्तीत काही उरत नाही. इथे शंभरातला एक उरला, हेच विशेष.

मग गोष्ट उलटी फिरली. जानेवारी २०२० मध्ये शेअर सोळा-सतरा रुपयांना पुन्हा बाजारात आला आणि जूनअखेर दीड हजारावर गेला. कंपनी पाच महिन्यांत नव्वदपट चांगली झाली होती का? नव्हती. जवळजवळ ९९ टक्के शेअर नव्या मालकांकडे होते. बाजारात एक टक्का. विकायला मालच नसेल तर भाव कुठेही जाऊ शकतो. याच काळात आमच्याकडे चहाच्या टपरीवर असं संभाषण व्हायचं :

“मामा, घेऊन टाका. रोज अप्पर सर्किट लागून राहिलं.”

“कर्ज किती हाये रे तिच्यावर?”

“ते काय पाहता मामा! बाबांची कंपनी हाये.”

मार्च २०२२ मध्ये कंपनीने ६५० रुपये भावाने ४,३०० कोटींचे नवे शेअर विकले. बाजारभावापेक्षा तीसेक टक्के स्वस्त, असे मेसेज लोकांच्या मोबाइलवर फिरले, तेव्हा सेबीने गुंतवणूकदारांना बोली मागे घ्यायची मुभा द्यायला लावली. आलेल्या पैशातून बँकांचे २,९२५ कोटी फेडले, आणि जूनमध्ये कंपनीचं नाव पतंजली फूड्स झालं. शेअरच्या पैशाने कर्ज फेडणं हा तसा जुना आणि चांगला मार्ग. फक्त तो भाव लोकांनी कशाच्या भरवशावर दिला, याचा विचार टपरीवर झाला नव्हता.

जैन इरिगेशनमध्ये रांग इतकी लांबली नाही. २०२२ मध्ये बँकांशी फेररचना झाली आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिवुलिस या कंपनीत विलीन करून कर्ज बरंच हलकं करण्यात आलं. त्या नव्या कंपनीत जैनकडे २२ टक्के हिस्सा राहिला. शेअर पाचाच्या खालून वर आला, जुन्या उंचीला गेला नाही. कर्ज फेडायला अर्धा बगीचा द्यावा लागला की उरलेल्या अर्ध्याचाच भाव लागणार.

पायरी सातवी : बिनकर्जाची कंपनी

एवढं वाचल्यावर नवशिक्या म्हणतो, मग कर्जच नसलेली कंपनी घेतो. ठीक. कावेरी सीड्स अशी आहे. वर्षानुवर्षं कर्ज जवळजवळ नाही, हातात रोकड, आणि जास्तीच्या रोकडीतून २०१७ पासून तिने अनेकदा स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. शेअर कमी झाले की उरलेल्यांचा हिस्सा वाढतो. त्यासाठी भाव रास्त असायला हवा, महाग भावाने परत घेतले तर उरणाऱ्याचंच नुकसान.

पुस्तकात लिहिलेलं असतं की थोडं कर्ज चांगलं, कारण व्याज खर्चात धरलं जातं आणि कर वाचतो. बियाण्याच्या कंपनीला हे लागू पडत नाही. बीजोत्पादनातून येणारं उत्पन्न ती शेतीचं म्हणून दाखवते, त्यावर कर नाही; जिथे करच नाही तिथे व्याजाने वाचवायचं काय? थोरल्या भावाला पुस्तक न वाचता जे कळत होतं ते हेच. तिकडे २०१९ नंतर बाकीच्या कंपन्यांनाही २२ टक्के कराचा पर्याय मिळाला, तेव्हा कर्जाचा तो फायदा त्यांच्यासाठीही घटला.

पण बिनकर्जी म्हणजे बिनघोर नव्हे. बीटी कपाशीच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार ठरवतं. शेतकरी चोरबीटीकडे वळला की ‘जादू’ दुकानातच राहते. फरक एवढाच, की अशा वर्षी या कंपनीच्या दारात वसुलीवाला येत नाही, आणि ती पुढच्या खरिपापर्यंत थांबू शकते.

कंपनी कर्जाची असो की बिनकर्जाची, दर तिमाहीला तिच्या भागधारणेचा तक्ता निघतो. त्यात प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण ठेवलेत हा रकाना असतो. भाचा तो रकाना मोबाइलवर आडवा सरकवून पलीकडे जातो, कारण पडद्यावर मावत नाही. त्याला परत मागे सरकवायला लावा.

ज्यांना एवढं झेपणार नाही त्यांनी तालुक्यातल्याच एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचा शेअर घ्यावा. तो शेअर बाजारात विकता येत नाही, म्हणून त्याचा भाव पडलेला कोणालाही दिसत नाही; शेअर कितीही असले तरी मत एकच, त्यामुळे दहाला एक हा प्रकारही नाही. पात्र ठरलेल्या कंपनीला केंद्राच्या २०२० च्या योजनेतून सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांपर्यंत भागभांडवलाचं अनुदान मिळतं, आणि ते परत करायचं नसतं. वार्षिक सभेला जाऊन एवढंच विचारायचं की ते पैसे कलेक्शन सेंटरच्या शेडमध्ये गेले, की व्यापाऱ्याकडच्या येण्यात. अध्यक्ष बहुतेक तुमच्याच भावकीतले निघतील. ते म्हणतील, “बस ना बापू, आधी चहा घे.” चहा घ्यावा, आणि कप खाली ठेवल्यावर ताळेबंद मागावा.